दूरचे जवळ, जवळचे दूर : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे शिकागो



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते गिरणगावातल्या रात्रशाळेत इतिहास शिकवत. दिवसपाळी संपवून आलेली मुले त्यांच्यासमोर बसत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात राजे आणि लढाया नकोत, कारखाना, पाळी, परमुलखातून पोटासाठी आलेला माणूस आणि त्याची खोली यांविषयी बोलावे, असे मला वाटले. मात्र मी आज मुंबईविषयी बोलणार नाही. मी शिकागोविषयी बोलणार आहे. अमेरिकेच्या औद्योगिक क्रांतीत शहर कसे घडते आणि त्यात माणसाचे काय होते, हे तिथे जितके उघड दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शिकागोची श्रीमंती दूरच्या गोष्टी जवळ आणण्यातून आली. हजार मैलांवरचा गहू, गुरे, लाकूड आणि समुद्रापलीकडची माणसे या शहराने एका जागी गोळा केली. पण हे घडत असतानाच एकमेकांच्या शेजारी राहणारी माणसे परस्परांपासून दूर गेली. जेवणाऱ्याला कत्तलखाना दिसेनासा झाला, मालकाला कामगाराची खोली दिसेनाशी झाली. हे अंतर आपोआप मिटले नाही. जेवढे मिटले तेवढे काही माणसांनी, आणि त्यांत बायका अधिक, पायी हिंडून, दारे ठोठावून आणि मोजमाप करून मिटवले.

१८५० मध्ये शिकागोची वस्ती तीस हजारांच्या आत होती. १८९० च्या जनगणनेत ती अकरा लाखांजवळ पोचली आणि न्यूयॉर्कच्या खालोखाल हे देशातले दुसरे शहर ठरले. १९०० मध्ये सतरा लाख. याची सुरुवात १८४८ या एका वर्षात सापडते. मिशिगन सरोवराला मिसिसिपीच्या खोऱ्याशी जोडणारा कालवा त्याच वर्षी खुला झाला, पहिली रेल्वे त्याच वर्षी धावली आणि धान्याचा सट्टाबाजारही त्याच वर्षी उभा राहिला. पुढे ऑक्टोबर १८७१ मध्ये आग लागली. तीनशेच्या आसपास माणसे दगावली, लाखभर बेघर झाली, शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. पण रेल्वेचे जाळे आणि गुरांचा बाजार बहुतांशी वाचला होता. त्यामुळे भांडवल परत यायला वेळ लागला नाही. १८८५ मध्ये तिथे लोखंडी सांगाड्यावर दहा मजली इमारत उभी राहिली. गगनचुंबी इमारतींचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण तिच्यापासून सुरुवात करतात.

गुरांच्या बाजारापाशी जरा थांबू या, कारण सारे शहर तिथे उकलून दाखवता येते.

युनियन स्टॉकयार्ड्स हा बाजार १८६५ च्या नाताळच्या दिवशी उघडला. शहराच्या दक्षिणेला दलदलीच्या जमिनीवर रेल्वे कंपन्यांनी एकत्र येऊन तो बांधला. टेक्सास, कॅन्सस, आयोवा इथली जनावरे डब्यांत भरून यायची. प्रश्न होता तो पुढचा. जिवंत जनावर न्यूयॉर्क-बॉस्टनला न्यायचे तर वाटेत दाणापाणी लागे, जनावर वाळे, काही मरत. शिवाय अर्ध्याहून जास्त वजन खाण्याजोगे नसे, तरी त्याचेही भाडे भरावे लागे. १८७५ मध्ये शिकागोत आलेल्या गुस्तावस स्विफ्ट या व्यापाऱ्याने हे गणित उलटवायचे ठरवले. जनावर शिकागोतच कापायचे आणि फक्त मांस पाठवायचे. त्यासाठी बर्फाने गार ठेवलेला रेल्वेचा डबा हवा होता. अँड्र्यू चेस या अभियंत्याने तो जमवला. बर्फ डब्याच्या वरच्या भागात ठेवला की गार हवा खाली उतरे, गरम हवा वरून बाहेर पडे आणि मांस बर्फाला न शिवता थंड राही. गुरांच्या डब्यांत पैसा गुंतवलेल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांनी स्विफ्टला दाद दिली नाही, तेव्हा त्याने कॅनडातून जाणाऱ्या मार्गाने माल पाठवला. हिवाळ्यात तळी-सरोवरांवरचा बर्फ कापून वाटेवरच्या ठाण्यांत साठवायचा आणि तिथे थांबून डब्यांत भरायचा, अशी साखळी त्याला उभारावी लागली. हे शोध लावणारे लोक कर्तबगार होते, यात शंका नाही.

आता कारखान्याच्या आत जाऊ. मागच्या पायाला साखळी लावलेले जनावर छताजवळच्या रुळावर टांगले जाई आणि सरकत सरकत एकेका माणसासमोर येई. एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने कातड्याचा ठरावीक भाग सोडवायचा, तिसऱ्याने एकच छेद द्यायचा. ज्या खाटकाला अख्खे जनावर नीट सोलायला वर्षे घालवून शिकावे लागे, त्याचे कसब असे तुकड्यातुकड्यांत वाटले गेले. एक छेद कोणीही दोन दिवसांत शिकतो, आणि दोन दिवसांत शिकता येणाऱ्या कामाचा माणूस दोन मिनिटांत बदलता येतो. पुढे हेन्री फोर्डने मोटारी जुळवण्याची सरकती रांग उभारली, तेव्हा तिची कल्पना शिकागोच्या या टांगत्या रुळावरून सुचल्याचे त्याने सांगितले आहे. विसाव्या शतकाचा कारखाना या कत्तलखान्यात जन्माला आला, असे म्हणायला हरकत नाही.

रोज पहाटे फाटकाबाहेर माणसांची गर्दी उभी राही. मुकादम येऊन अंगापिंडाने धडधाकट दिसतील ते निवडी आणि बाकीचे परत जात. निवडलेल्यालाही पूर्ण दिवस मिळेलच असे नव्हते. जनावरे कमी आली तर काही तासांत घरी पाठवत, जास्त आली तर रात्रीपर्यंत राबवत. सुरुवातीला या कामावर आयरिश आणि जर्मन माणसे होती. मग पोलिश आली, नंतर लिथुआनियन आणि स्लोवाक. शतक संपताना पंचवीस हजारांहून जास्त माणसे तिथे राबत होती. कारखान्याचे रक्त आणि घाण शिकागो नदीच्या एका फाट्यात सोडली जाई. तळाशी कुजणाऱ्या घाणीतून वायूचे बुडबुडे वर येत, म्हणून लोक त्या ओढ्याला बुडबुड्यांचा ओढाच म्हणू लागले. कामगारांची घरे त्याच्या काठाला होती. बॉस्टनच्या जेवणाच्या टेबलापर्यंत त्यातले काहीच पोचत नव्हते.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. तोवर प्रत्येक गावाचे घड्याळ आपापल्या सूर्याप्रमाणे चाले. १८८३ च्या ऑक्टोबरमध्ये रेल्वेचे अधिकारी शिकागोत जमले आणि १८ नोव्हेंबरपासून देशाचे वेळेचे पट्टे पडले. संसदेचा कायदा त्यामागे नव्हता, तो पस्तीस वर्षांनी झाला. आगगाडीने ठरवले आणि देशाने घड्याळे लावली, इतकी त्या काळी रेल्वेची सत्ता होती.

ही माणसे आली कुठून आणि का? अडाणी लोंढे वाट फुटेल तिकडे आले, असे चित्र जुन्या पुस्तकांत असते. ते मला मान्य नाही. १८७० ते १९०० या तीस वर्षांत एक कोटीहून जास्त माणसे अमेरिकेत उतरली, आणि त्यांतली बहुसंख्य कोणाच्या तरी पत्रावर विसंबून आली. आधी गेलेला भाऊ किंवा मेहुणा पत्र लिही, पैसे साठवून बोटीचे तिकीट आगाऊ काढून पाठवी, उतरल्यावर कुठे जायचे ते कळवी. रशियातील ज्यू १८८१ नंतरच्या दंगलींमुळे जीव वाचवून निघाले. दक्षिण इटलीतला शेतकरी तुटपुंज्या जमिनीला आणि करांना कंटाळून निघाला, आणि पुष्कळदा चार पैसे गाठीला बांधून परतही गेला. आपल्याकडच्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. दारे सगळ्यांना उघडी होती असेही नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटाचे ठाणे उघडले, आणि तिथे माणसे तपासून आत सोडू लागले.

१८९० मध्ये शिकागोतल्या दर चार माणसांपैकी तिघांहून जास्त परदेशात जन्मलेली होती, किंवा अशांची मुले होती. प्रत्येक समाजाचे चर्च वेगळे, वर्तमानपत्र वेगळे, दारूचा गुत्ता वेगळा. बोहेमियन लोकांनी आपल्या वस्तीला पिल्झेन या मायदेशच्या शहराचे नाव दिले.

आठ तासांच्या दिवसाची मागणी याच माणसांनी उचलून धरली. १ मे १८८६ रोजी देशभर संप झाला आणि शिकागो त्याचे केंद्र होते. ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. ४ तारखेला हेमार्केट चौकात निषेधाची सभा संपत आली असताना पोलीस आले आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. तो कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. आठ जणांवर खटला चालला, तो मुख्यतः त्यांच्या भाषणांवरून आणि लेखांवरून. त्यांतले पाच जर्मनीत आणि एक इंग्लंडमध्ये जन्मलेला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली, एक त्याआधीच कोठडीत मेला. ज्यांनी जूरी निवडली त्यांनी न्याय केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे मत, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी जून १८९३ मध्ये उरलेल्या तिघांना मुक्त करताना लेखी नोंदवले आहे. आल्टगेल्ड स्वतः जर्मनीत जन्मलेले होते. या निर्णयाची राजकीय किंमत त्यांनी मोजली. १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने १ मे हा दिवस जगभरच्या कामगारांसाठी ठरवला. आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनाबरोबर कामगार दिनही साजरा होतो, त्याचे मूळ शिकागोतल्या त्या आठवड्यात आहे.

आता शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात जाऊ. हॉलस्टेड रस्त्यावर १८५६ मध्ये बांधलेला एका श्रीमंताचा जुना बंगला होता. भोवती इटालियन, रशियन ज्यू, बोहेमियन, आयरिश वस्ती वाढली होती. १८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन शिकलेल्या तरुणी तिथे राहायला गेल्या. देणगी देऊन त्या थांबल्या नाहीत की शिकवणी घेऊन संध्याकाळी आपल्या घरी परतल्या नाहीत. त्यांनी तिथे बिऱ्हाडच थाटले. हल हाउस ते हेच.

पहिल्याच नाताळात त्यांनी शेजारच्या मुलींना खाऊ म्हणून मिठाई देऊ केली, तर काही मुलींनी ती नाकारली. चौकशी केल्यावर कळले, की त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत त्यांनी ती मिठाई भरली होती आणि आता तिचे तोंडही पाहवत नव्हते. अ‍ॅडम्सनी ही हकिगत पुढे आत्मचरित्रात लिहिली. त्याच हिवाळ्यात शेजारच्या एका कारखान्यात एकाच यंत्रावर तीन मुलांना इजा झाली, त्यांत एक दगावला. थोड्या डॉलरांत बसणारी जाळी त्या यंत्राला नव्हती. मालकाकडे गेल्यावर त्याने काही करायला नकार दिला. मुलांच्या आईबापांनी भरपाई मागणार नाही असे कागद आधीच सही करून दिले होते.

वॉर्डात कचऱ्याच्या मोठ्या लाकडी पेट्या रस्त्याला ठोकून बसवलेल्या असत. लहान मुले त्यांच्यावर चढत, त्यांच्याआड लपत, खेळत. पेट्या भरून वाहत आणि ठेकेदाराची गाडी वेळेवर येत नसे. एका उन्हाळ्यात हल हाउसच्या महिला मंडळातल्या बाराएक बायका संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घालू लागल्या. ऑगस्ट-सप्टेंबर या दोन महिन्यांत त्यांनी नियमभंगाच्या १०३७ नोंदी आरोग्य खात्याकडे धाडल्या. दिवसभर घरकाम करून दमलेल्या बायकांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी हे काम करणे म्हणजे काय, ते इथे बसलेल्या भगिनी जाणतात. मग अ‍ॅडम्सनी कचरा उचलण्याचा ठेका मिळावा म्हणून निविदाच भरली. तांत्रिक कारणावरून ती नाकारली गेली, पण गाजावाजा एवढा झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमले. पगार वर्षाला एक हजार डॉलर. पहाटे सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे जात, गाड्या कचरा खरोखर टाकण्याच्या जागेपर्यंत नेतात का ते पाहत. एका अरुंद गल्लीत कचऱ्याचा थर खरवडता खरवडता अठरा इंच खाली फरसबंदी लागली. गल्लीतल्या जुन्या रहिवाशांनाही तिथे फरसबंदी असल्याचे ठाऊक नव्हते. वॉर्डाचा मृत्युदर शहरात तिसऱ्या क्रमांकावर होता, तो सातव्यावर आला.

वॉर्डाचा नगरसेवक जॉनी पॉवर्स याला हे रुचले नाही, कारण ही जागा तो आपल्या माणसाला देत असे. अ‍ॅडम्सनी निवडणुकीत त्याला पाडायचा प्रयत्न केला आणि त्या हरल्या. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी पुढे केलेले विवेचन. लोक त्याला मत का देतात? कोणी अटकेत पडला तर जामीन तो देतो, नोकरी तो लावतो, मयताच्या खर्चाला हातभार तो लावतो, नाताळला घरोघर टर्की तो पाठवतो. तो शेजारी म्हणून वागतो. सुधारक मात्र तत्त्वे सांगायला येतो. निवडणूक हरलेल्या माणसाने मतदारांना नावे न ठेवता एवढ्या समजुतीने लिहिलेले मी फार थोडे वाचले आहे.

१८९१ च्या डिसेंबरअखेर फ्लॉरेन्स केली तीन मुलांना घेऊन हल हाउसच्या दारात आल्या. नवऱ्याचे घर सोडून आलेली, एंगेल्सचे इंग्लंडच्या कामगारांवरील पुस्तक इंग्रजीत आणलेली विदुषी. त्यांनी वस्तीतले शिलाईकाम धुंडाळायला सुरुवात केली. बाजारातले कापड बेतून ठेकेदाराकडे जाई. तो ते घरोघर नगावर शिवायला देई. झोपायच्या खोलीतच शिवण चाले, लहान मुले टाके उसवत, बटणे लावत. घरात देवीचा रोगी असला तरी त्याच्या शेजारीच कोट शिवले जात, आणि ते कोट शहरभर विकले जात. १८९३ मध्ये सरकारी पाहणीसाठी घराघरांत जाऊन माहिती गोळा झाली. त्यातून १८९५ मध्ये हल हाउसचे नकाशे आणि लेख यांचे पुस्तक निघाले. चौरस मैलाच्या एका तृतीयांशात अठरा देशांचे लोक होते. एका नकाशात प्रत्येक घराला राष्ट्रीयतेप्रमाणे रंग दिला होता, दुसऱ्यात आठवड्याच्या कमाईप्रमाणे. पाच डॉलर किंवा त्याहून कमी कमाईच्या घरांना काळा. आपल्या शहराचा असा रंगीत नकाशा त्या वेळच्या शिकागोकराने पूर्वी पाहिला नव्हता.

केलींच्या खटपटीमुळे १८९३ मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, स्त्रियांना दिवसाला आठ तास, घरगुती शिलाईवर देखरेख. आल्टगेल्डनी केलींनाच मुख्य निरीक्षक नेमले.

त्याच वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. पांढऱ्याशुभ्र इमारतींची नगरी उभारली आणि पावणेतीन कोटींच्या आसपास प्रवेश झाले. विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. मुंबईचे बी. बी. नगरकरही तिथे ब्राह्मो समाजातर्फे बोलले. प्रदर्शनाविषयी इथे इतके पुरे. देशात त्याच वर्षी मोठी मंदी आली होती आणि हिवाळ्यात बेकार माणसे सार्वजनिक इमारतींच्या फरशीवर झोपत होती, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते.

त्या मंदीतून पुलमनचा संप निघाला. जॉर्ज पुलमनने झोपायच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याभोवती कामगारांसाठी आदर्श गाव वसवले होते. विटांची घरे, बागा, वाचनालय. मंदीत मजुरी सरासरी चतुर्थांशाने कापली, घरभाडे मात्र तेच ठेवले, आणि घरमालकही कंपनीच होती. १८९४ मध्ये संप देशभरच्या रेल्वेत पसरला. गव्हर्नर आल्टगेल्ड विरोध करत असताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनी लष्कर पाठवले आणि संप मोडला. संपकऱ्यांच्या संघटनेची एक उणीवही सांगायला हवी. त्याच उन्हाळ्यात तिच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करून घ्यायचा प्रश्न आला, तेव्हा ११२ विरुद्ध १०० मतांनी तो फेटाळला गेला. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे नोकर काळे होते. ज्यांच्याशी एकजूट सर्वांत गरजेची, त्यांनाच बाहेर ठेवले गेले.

या काळाशी महाराष्ट्राचा जो धागा आहे तो पंडिता रमाबाईंचा. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत हिंडल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी तिथे घेतले. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे मदतीचा भार उचलला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. हल हाउस त्याच वर्षीच्या सप्टेंबरातले, आणि तिथलेही अगदी सुरुवातीचे काम बालोद्यानच. रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तकही १८८९ चेच. स्त्रियांच्या संस्थांवर त्यांनी भरभरून लिहिले, पण तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाकडे डोळेझाक केली नाही. अमेरिकेकडे पाहावे कसे, हे मराठी वाचकाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच त्यांनी दाखवले. ते पुस्तक आपल्याकडे फार कमी वाचले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता पुन्हा शिकागोकडे. तिथल्या पाण्याचे थोडक्यात सांगतो. शहर सरोवराचे पाणी पीत असे आणि सांडपाणी नदीवाटे त्याच सरोवरात सोडत असे. १८९१ मध्ये विषमज्वराने सुमारे दोन हजार बळी घेतले. शहराने अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून १९०० च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. अभियांत्रिकी म्हणून हे काम अजोड आहे. पण घाण आता मिसिसिपीकडे, सेंट लुईसच्या दिशेने जाऊ लागली. त्या शहराने कोर्टातून मनाई आणण्याआधीच कालव्यात पाणी घाईघाईने सोडले होते. मिसूरी राज्याचा दावा १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

केलींच्या कायद्याचे काय झाले? मार्च १८९५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. किती तास राबायचे याचा करार करण्याचे स्त्रीचे स्वातंत्र्य हिरावले जाते, असे कारण दिले. दावा कागदी खोक्यांच्या एका कारखानदाराचा होता. १८९६ मध्ये आल्टगेल्ड हरले आणि नव्या गव्हर्नरने केलींच्या जागी असा माणूस नेमला, ज्याने मुलांना राबवणाऱ्या काचकारखान्यात अनेक वर्षे नोकरी केली होती. केली १८९९ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि ग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेचे काम त्यांनी हाती घेतले. १९०८ मध्ये ऑरेगॉनच्या दहा तासांच्या कायद्याचा खटला वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा लुईस ब्रँडाइस यांनी शंभराहून जास्त पानांचे टिपण दाखल केले. केलींच्या सहकारी जोसेफीन गोल्डमार्क यांनी त्याची सामग्री जमवली होती. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सगळी डॉक्टरांची, आरोग्य खात्यांची आणि कारखाना निरीक्षकांची निरीक्षणे. न्यायालयाने कायदा मान्य केला.

त्यानंतर इलिनॉयने पुन्हा स्त्रियांसाठी कायदा केला आणि खोक्यांच्या कारखान्याकडूनच पुन्हा त्याला आव्हान मिळाले. या वेळी दाव्यात दोन कामगार बायकाही होत्या. दहा तासांत पोट भरेल एवढी कमाई होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती खरीच होती, आणि मजुरीच्या दराविषयी कायद्यात एक अक्षर नव्हते. १९१० मध्ये इलिनॉयच्या त्याच न्यायालयाने कायदा उचलून धरला. तासांची मर्यादा मात्र दहाच राहिली. १८९३ मधल्या आठ तासांवर कायदा तेव्हा परत गेला नाही.